गाण्यांच्या खालचा आवाज

नव्वदच्या दशकात आम्ही दोघा मित्रांनी कोल्हापुरातून विज्ञानकथा आणि कवितांचा दिवाळी अंक काढायला घेतला, तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला. मी बँकेत कारकून आणि हौशी कवी, तो कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा आणि कथाकार. संपादकांना वाचकांची पत्रं येतात असं आम्ही ऐकून होतो. आम्हाला येत नसत. कोल्हापूरच्या माणसाला पत्र लिहायचा भारी कंटाळा, तोंडावर बोलायचा मात्र अजिबात नाही. गंगावेशीत दूध प्यायला उभं राहावं, तर शेजारचा गृहस्थ हातातला पेला तसाच धरून म्हणायचा, "पावणं, तुमची ती कविता वाचली. चंद्रावर एकटाच बसून रडतोय तो. जा म्हणून कुणी सांगितलं हुतं त्याला?" माझा तिळपापड व्हायचा. पण गड्यानं कविता शेवटपर्यंत वाचलेली असायची, हेही खरं.

अंक चालायचा जाहिरातींवर. साखर कारखान्याच्या शुभेच्छा, ट्रॅक्टरची एजन्सी, सराफ, साड्यांचं दुकान. एका वर्षी मित्राला लहर आली आणि त्यानं कथाच जाहिरातीच्या रूपात लिहिली. 'पुसला गेलेला आवाज परत मिळेल. कॅसेटवर दुसरं काही भरलं असल्यास खालचा मूळ आवाज काढून देऊ.' त्याखाली ग्राहकांचे अनुभव, एकापेक्षा एक विचित्र. आम्ही ती चौकटीत घालून ट्रॅक्टर आणि सराफाच्या मधोमध छापली आणि पत्ता दिला आमच्या छापखान्याचा. मराठी कथेला आपण नवं वळण दिलं, अशा थाटात दोघंही हवेत होतो.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी आम्ही छापखान्यात बसलो असताना साठीच्या एक बाई आत आल्या. कसबा बावड्याहून आल्या होत्या. भाचीनं त्यांना जाहिरात वाचून दाखवली होती. त्यांनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेली कॅसेट काढली.

"हितं आवाज काढून देत्यात न्हवं? ह्यात आमच्या मालकांचं बोलणं हाय. लेकाला वाटलं कोरीच हाय, त्यानं दुकानात दिऊन गाणी भरून आणली."

तेव्हा तशी पद्धतच होती. आवडीच्या गाण्यांची यादी आणि कॅसेट दुकानात द्यायची, दोन दिवसांनी भरून न्यायची. घरोघरी कुणाकुणाची बोलणी अशी गाण्यांखाली गेली असतील.

मित्र मला डोळ्यांनी खुणावत होता, तू सांग म्हणून. मी त्याला खुणावत होतो. शेवटी वेळ काढायला मी विचारलं, "काय होतं त्यात, मावशी?"

"माझं नाव," त्या म्हणाल्या. "मालकांनी उभ्या जन्मात मला नावानं हाक मारली न्हाय. 'अगं ए', न्हायतर 'ऐकलीस काय'. लेकीच्या लग्नात बायकांनी त्यास्नी दारात अडवलं, उखाणा घेतल्याबिगर आत सोडीनात. तवा एकदाच घेतलं. जावयाच्या भावानं टेप केलतं. मालक गेल्या साली गेलं." आणि कॅसेट पुढं सरकवली.

मित्रानं मग धीर केला. ही गोष्ट आहे, असं यंत्र कुठंच नाही, नवं भरताना जुनं कायमचं पुसलं जातं, हे त्यानं वर्गात सांगतो त्यापेक्षा कितीतरी हळू सांगितलं.

बाईंना पटेना. "खाली असंलच की. रंग दिला म्हणून भिंत जातीय व्हय?"

"जाते, मावशी. ह्यात जाते."

त्या टेबलावरच्या अंकाकडे बोट करून म्हणाल्या, "मग ह्ये छापलंसा कशाला?"

आमच्या अंकावर इतक्या जणांनी इतकं काही ऐकवलं, पण एवढं सरळ कुणी विचारलं नव्हतं. मला रडू येईल असं वाटत होतं. बाईंवर दया म्हणून नाही. आपण लिहिलेलं कुणी इतकं खरं धरतं, याची मला भीती वाटली.

"उखाणा आठवतोय का?" मित्रानं विचारलं.

"न आठवायला काय झालं?" बाई ताठ बसल्या. पदर सारखा केला आणि नवऱ्याचा म्हणून घोगरा आवाज काढला, चांगला खणखणीत. आत खिळे जुळवणारा कंपोझिटर हातातलं काम टाकून दारात आला.

"बावड्याच्या रानात ऊस लागला डुलाया..."

आणि तिथंच थांबल्या. पुढचा शब्द म्हणजे त्यांचं स्वतःचं नाव. ओठ हलले, पण आवाज आला नाही. आम्ही तिघंही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. मग त्यांनी कॅसेट रुमालात गुंडाळली, पिशवीत ठेवली आणि उठल्या.

"म्या म्हणून काय उपेग, दादा," त्या म्हणाल्या. "माझं नाव मला ठावं हाय की."