भागीरथीची देशसेवा

देशाची अर्थव्यवस्था सुधारावी म्हणून मी माझ्या वडिलांची गाडी भंगारात घातली. देशाचं पुढे काय झालं ते नक्की सांगता येणार नाही. मी केंद्र सरकारच्या ज्या खात्यात होतो, तिथं असल्या गोष्टी कळायची सोय नव्हती. आमच्या घराचं काय झालं ते मात्र सांगतो.

गाडीचं नाव भागीरथी. हे अप्पांच्या आत्याचं नाव. आत्याबाई एकदा बसल्या की दोन माणसांनी धरल्याशिवाय उठायच्या नाहीत, आणि उठल्या की कुणाच्या बापाला थांबायच्या नाहीत. गाडीचा स्वभाव तोच. आई गेल्यावर मी अप्पांना म्हटलं, "आता कराडला एकटे राहू नका, आमच्याकडे या." तर म्हणाले, "भागीरथी येणार असेल तर येतो." आणि आमचे वडील खरोखर कराडहून गाझियाबादला गाडी हाकत आले! (वाटेत ग्वाल्हेरला भागीरथी बसली. ती उठेपर्यंत अप्पांनी किल्ला बघून घेतला.)

तेव्हा आमची सोसायटी नवी कोरी होती. आदल्या साली जिथं उसाची शेतं होती तिथं चार मजली इमारती उठल्या होत्या, आणि देशभरातले नोकरदार आपापल्या जाळीच्या दारांआड बसले होते. शेजारी कोण राहतं, कुणालाच ठाऊक नव्हतं. अप्पांना हिंदी यायचं ते बेताचंच. पहिले दोन महिने ते बाल्कनीत बसून कबुतरांशी मराठीत बोलायचे. मला त्यांच्याकडे बघवायचं नाही.

मग थंडी पडली आणि भागीरथीनं चालू व्हायला साफ नकार दिला.

अप्पा कानटोपी घालून स्टिअरिंगवर आणि मी मागे. एकट्याच्यानं ती वीतभरही हलेना. दुसऱ्या मजल्यावरचे शर्माजी डबा घेऊन बस पकडायला निघाले होते, त्यांनी लाजेकाजेस्तव हात लावला. समोरच्या इमारतीतले खानसाहेबही धावले. अप्पांनी खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं आणि आयुष्यातलं पहिलं हिंदी भाषण ठोकलं, "शर्माजी, जोर लगाओ! नुसता हात मत लगाओ! मैं अभी क्लच सोडता हूँ!"

भागीरथी खोकली, शिंकली आणि सुटली. अप्पांनी सोसायटीला एक फेरी मारून गाडी परत आणली आणि मागचं दार उघडलं. "बैठो. ढकला किसने? तुमने. फिर बैठेगा कौन?"

तेव्हापासून हा रोजचा रिवाजच झाला. आधी धक्का, मग स्वारी. अप्पा आम्हा तिघांना चार्टर्ड बसच्या थांब्यावर सोडायचे आणि येताना सगळ्यांचं दूध आणायचे. एवढ्याशा वाटेत शर्माजींच्या मुलीचं लग्न ठरलं, मोडलं, पुन्हा ठरलं. खानसाहेबांच्या गुडघ्यावर अप्पांनी निर्गुडीचा शेक सुचवला. (निर्गुडीला हिंदीत काय म्हणतात यावर आठवडाभर चर्चा झाली, तोवर गुडघा आपोआप बरा झाला!) उन्हाळा आला तरी मंडळी बाह्या सरसावून हजर. एकदा भागीरथी चुकून किल्लीवर चालू झाली, तर शर्माजी नाराज झाले. अप्पांनी इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "चलो, ढकलो."

सगळं कसं छान चाललं होतं. पण मी पडलो अर्थशास्त्राचा पदवीधर!

त्या वर्षी सरकारनं सवलत काढली. जुनी गाडी मोडीत द्या, नव्या गाडीच्या करात सूट घ्या. ऑफिसात मी या विषयावरचा जाणकार समजला जाई, कारण त्यावरचं टिपण मीच लिहिलं होतं. घरी जेवताना मी अप्पांना समजावलं, "हे बघा, जुनी गाडी गेली की नवी येते. नवी आली की कारखाना चालतो. कारखाना चालला की कामगाराच्या हातात पैसा येतो. तो टीव्ही घेतो, मग टीव्हीवाला स्कूटर घेतो..."

"म्हणजे धडधाकट वस्तू मोडली की देशाचं भलं होतं?"

"एका अर्थानं, हो."

अप्पा माझ्या बायकोकडे वळले. "सुधा, परवा यानं लोणच्याची बरणी फोडली तेव्हा तू उगाच ओरडलीस हो. देशसेवा चालली होती त्याची."

सुधा इतकी हसली की तिला ठसका लागला. मला मात्र राग आला, आणि रागाच्या भरात मी नवी गाडी नोंदवून टाकली.

सवलतीची मुदत नेमकी दसऱ्याला संपत होती. सकाळी सुधानं रिवाजाप्रमाणे भागीरथीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, चाकापुढे नारळ फोडला. मग मी हळूच म्हटलं, "चला, जेवून निघू या."

"अहो, सकाळी पूजा करायची आणि दुपारी खाटकाच्या दारात उभी करायची?"

"उद्या सवलत नाही गं!"

अप्पांनी कानटोपी घातली. (भर ऑक्टोबरात!) शर्माजी आणि खानसाहेब अखेरचा धक्का द्यायला सणाचे कपडे घालून खाली उतरले, आणि थांब्यापर्यंत नाही तर जुन्या गाड्या मोडीत घ्यायला जो सरकारी मेळावा भरला होता, थेट तिथपर्यंत सोबत आले.

मैदानाच्या फाटकापर्यंत भागीरथी झकास धावली आणि फाटकात बसली. आम्ही तिघं सवयीनं उतरून मागे गेलो, तोच फाटकावरचा माणूस ओरडला, "धक्का नहीं चलेगा! गाड़ी अपने आप अंदर आएगी तभी छूट मिलेगी!"

"भाईसाहब, ये गाड़ी ऐसे ही चलती है," शर्माजींनी प्रामाणिकपणे सांगितलं. शर्माजींना देवानं सगळं दिलं, फक्त वेळप्रसंग ओळखायची अक्कल दिली नाही!

मागे हार घातलेल्या जुन्या गाड्यांची रांग लागली. सगळे भोंगे एकदम वाजू लागले. मी खिडकीतून हात घालून किल्ली फिरवून फिरवून घामाघूम झालो. भागीरथी ढिम्म. फाटकवाला घड्याळाकडे बघत म्हणाला, "साहब, हटाओ इसको, टाइम हो रहा है."

अप्पांचा चेहरा उजळला. "चल, घरी जाऊ. तिची इच्छा नाही."

आणि मी, टिपण लिहिणारा मी, भर फाटकात हात जोडून म्हणालो, "अप्पा, तुम्हाला येतं. तुम्ही करा ना चालू!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणाले असते तर किती बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. पण मुलानं काही मागितलं की नाही म्हणायचं त्यांना कधी जमलंच नाही. ते उतरले, बॉनेट उघडलं, रुमालानं कसलीशी वायर पुसली, कुठंतरी पान्यानं दोनदा ठोकलं आणि बॉनेटवर हात ठेवून पुटपुटले, "ऊठ बाई." भागीरथी उठली. अप्पांनीच ती आत नेली. आतल्या माणसानं सुधानं लावलेल्या कुंकवावरच पांढऱ्या रंगानं भली मोठी फुली मारली. अप्पांनी हार काढून घेतला, तेवढाच ते घरी घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी सवयीनं खाली जमली. मी किल्ली फिरवली. नवी गाडी चालू झाली की नाही तेच कळेना, इतकी ती गुणी!

"अच्छा... ये तो चल गई," शर्माजी म्हणाले आणि वर केलेल्या बाह्या खाली घेऊ लागले.

"बैठिए ना!"

"नहीं नहीं, नई गाड़ी है. आप चलिए, हम पैदल निकलते हैं."

मी पुष्कळ आग्रह केला. पण धक्का दिल्याशिवाय फुकट बसायचं त्यांच्या मनाला पटेना. अप्पांनी स्टिअरिंगकडे हात नेला, तर माझ्याच तोंडून गेलं, "अप्पा, हिचा क्लच नाजूक आहे हं." ते वर निघून गेले. संध्याकाळी घरी आलो तेव्हा ते बाल्कनीत बसले होते, आणि कबुतरांना पुन्हा बरे दिवस आले होते.

टिपणातलं बाकी सगळं खरं ठरलं. वर्षभरात शर्माजींनी गाडी घेतली, खानसाहेबांनी घेतली. चार्टर्ड बस रिकामी पळू लागली आणि बंद पडली. कारखाने चालले असणार, कुठल्यातरी कामगारानं टीव्हीही घेतला असणार. यमुनेच्या पुलावर आम्ही तिघं तीन गाड्यांतून शेजारी शेजारी तासभर अडकायचो आणि बंद काचांमधून एकमेकांना हात करायचो. मुलीला बाळ झालं हे शर्माजींनी मला काचेआडून खाणाखुणा करून सांगितलं.

पुढं एका कडाक्याच्या थंडीत माझ्या गुणी गाडीची बॅटरी उतरली. वरून बघत होते की काय कोण जाणे, मी बॉनेट उघडायच्या आत अप्पा कानटोपी घालून खाली हजर! मी मुकाट्यानं दार उघडून दिलं. ते स्टिअरिंगवर बसले, काच खाली केली आणि खणखणीत आवाजात हाक मारली, "शर्माजी! खानसाहेब!"

शर्माजी त्यांच्या गाडीतून केव्हाच गेले होते. खानसाहेब त्यांच्या गाडीतून. अप्पांनी थोडी वाट पाहिली, पुन्हा एकदा हाक मारली. मग मी एकटाच मागे गेलो आणि खांदा लावला. गाडी वीतभरही हलेना.

खिडकीतून कानटोपी बाहेर आली.

"अरे, एकट्याच्यानं नाही व्हायचं ते. तुझ्या अर्थव्यवस्थेला हाक मार की! म्हणावं, ये, नुसता हात मत लगाओ!"

मी आवारभर नजर टाकली. नव्या गाड्यांची रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत झळकत होती, आणि धक्का द्यायला एकच माणूस उरला होता. त्यानं फक्त टिपण लिहिलं होतं.