बेलवरचं रामटेके

नागभीडच्या फलाटावर त्या सकाळी एवढं धुकं होतं की रुळांपलीकडच्या धानाच्या बांध्या दिसत नव्हत्या. मला अजूनही कधीकधी वाटतं, गाडी आलीच नाही. मी त्या धुक्यात चालत गेले आणि दुसऱ्या बाजूने जर्मनीत निघाले. आई पदराने माझ्या बॅगेवरचं दव पुसत होती. बाबा रेल्वेतलेच, तरी त्या दिवशी नव्या प्रवाशासारखे गाडीची वाट पाहत होते. शेवटी जवळ येऊन हळूच म्हणाले, "खोली पाहाले जाशीन तं नुसतं वैशाली सांगजो. आडनाव कोणी विचारलं तरच सांगजो."

तिकडे राहिलेल्या तुम्हा लोकांना हे समजावून सांगायला नको. आम्ही रामटेके. आजोबांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हा घरातला देव्हारा गेला, आडनाव राहिलं. चंद्रपूरला नर्सिंगला असताना बाबांबरोबर खोली शोधायला गेले की घरमालकीण गोड बोलायची, पाणी द्यायची, मग पूर्ण नाव विचारायची, आणि खोली नेमकी कालच कुणाला तरी दिलेली असायची. आमच्या रेल्वे क्वार्टरच्या दारावर नुसता नंबर होता आणि बाबांना तोच बरा वाटायचा.

इथे मात्र उलटंच. आमच्या बिल्डिंगीत फ्लॅटला नंबर नाहीत. खाली दाराशी बेलची पट्टी, आणि प्रत्येक बटनासमोर आडनाव. तेवढंच. मी आपली 'वैशाली' अशी चिठ्ठी चिकटवली आणि निवांत झाले.

दवाखान्यातली शिफ्ट संपली की पायी घरी येताना या पट्ट्या वाचायची मला सवयच लागली. म्युलर म्हणजे चक्कीवाला. वेबर, विणणारा. लोहार तर जागोजागी, कुठे श्मिट, कुठे श्मिड्ट, कुठे श्मिट्स. पाय दुखत असायचे, डोळे अर्धे मिटलेले, आणि वाचता वाचता गल्ली बदलून जायची. चक्की घरघरायची, माग खटखटायचा, पिठाचा वास यायचा, आणि त्यातच कुठून तरी नागभीडचा बाजार मिसळायचा. भानावर आलं की तोच थंड रस्ता. यातला चक्कीवाला बँकेत असतो आणि विणणारा दातांचा डॉक्टर आहे. बापजाद्यांचा धंदा दारावर लावून ही माणसं सुखाने झोपतात, याचं मला भारी नवल वाटायचं. रागही यायचा, खोटं कशाला बोलू.

खालच्या मजल्यावर फ्राऊ मायर, म्हणजे मायरबाई, राहतात, एकट्या, वयाने आईएवढ्या. मायर म्हणजे जमीनदाराचा कारभारी, आपल्या मालगुजाराचा असायचा तसा. त्यांचे भाऊबंद शेजारच्या गावात तेच आडनाव वेगळ्या अक्षरांनी लिहितात. जुन्या काळी पाद्र्याला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं, आणि दोन्ही घरं त्यालाच धरून बसली. "ते मायर आमच्यातले नाहीत," असं त्या नाक उडवून म्हणाल्या तेव्हा मला हसू आवरेना. मनात म्हटलं, बाई, आडनावावरून माणसं तोडता, तुम्ही तर आमच्याच की.

मग आईचं पार्सल आलं. म्हणजे आलंच नाही. जवसाची चटणी, लाखोळीची डाळ, तिने शिवलेली गोधडी. वर बाबांनी पासपोर्टवरचं पूर्ण नाव घातलेलं. पोस्टमनने पट्टीवर रामटेके शोधलं, नाही सापडलं, पार्सल परत. नागभीडला ते पोचलं तेव्हा वरचा शिक्का बाबांनी कुणाकडून तरी वाचून घेतला: या नावाचं इथे कोणी राहत नाही. आईने फोनवर रडून आकांत केला. "पोरी, तू हायस न तिथी?" एवढंच पुन्हा पुन्हा.

बाबांनी फोन घेतला. मग म्हणाले, "मीच सांगितलं होतं तुले. आता लाव. मोठ्या अक्षरात लाव."

चिठ्ठी लावताना ती पट्टीवर नाही, कपाळावर चिकटवतेय असं वाटत होतं. फ्राऊ मायर मागे येऊन उभ्या राहिल्या. "रामटेके म्हणजे काय हो?" त्यांनी विचारलं. रामटेक नावाचं गाव आहे, तिथले, मी म्हटलं. "आख झो," म्हणजे 'असं होय', एवढंच म्हणाल्या, आणि कचऱ्याचा डबा घेऊन गेल्या. आयुष्यभर ज्याची धास्ती घेतली तो पुढचा प्रश्न आलाच नाही. मी जिन्यात बसून रडले.

आता इथे सगळं गोड आहे असं समजू नका. माझ्या तुर्की मैत्रिणीने नाव सांगितलं की तिला फ्लॅट मिळत नाही. आपल्या लोकांच्या दिवाळीत एका गृहस्थांनी माझं आडनाव ऐकून "अच्छा, नागपूरकडचे," म्हटलं, आणि त्यांचा तो अच्छा मला बरोबर कळला. माझ्यासारखे बाहेर गेलेले जे वाचत असतील, त्यांनाही कळेल. पण गाव म्हणजे काय, घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी हल्ली एवढंच सांगते: जिथे आपलं पूर्ण नाव दाराबाहेर ठेवून आत झोप लागते.

या उन्हाळ्यात आई-बाबा आले. आई बॅगा सांभाळत फुटपाथवर उभी. बाबा चष्मा पुसून पट्टीवर बोट फिरवत एकेक अक्षर लावत गेले. रामटेकेपाशी बोट थांबलं. त्यांनी मागे वळून रस्त्यावर कोणी पाहतं आहे का ते पाहिलं.

"कोणी काढाले नाई सांगितलं?"

"नाही, बाबा."

त्यांनी बटन दाबलं. वर, रिकाम्या घरात, बेल वाजली. किल्ली माझ्या हातात होती, दार उघडायला आत कोणी नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी बाबांनी पुन्हा एकदा बेल दाबली आणि मान वर करून ऐकत उभे राहिले.