माळकऱ्यांचा मासा

परतूरच्या पुष्पाबाईंनी आजवर नवऱ्याचं, मुलाचं आणि सून तृप्तीचं मटण सोडवलं होतं. आता पाळी माशाची होती.

मुलगा कल्याण जालन्यातून काचेच्या टाकीसकट हा ऑस्कर मासा घेऊन आला. त्याची हौस आठवड्यात फिटली आणि मासा तृप्तीच्या गळ्यात पडला. जात शिकाऱ्याची, पण तृप्ती दिसली की काचेशी येऊन शेपूट हलवायचा. त्या घरात तिला बघून खूश होणारा तेवढा एकच जीव.

पुष्पाबाई त्याला भिजवलेली डाळ आणि भाकरीचा चुरा घालायच्या. "माळकऱ्याच्या घरात ऱ्हायचं तर माळकऱ्यासारखं," म्हणत त्यांनी टाकीलाही तुळशीची माळ बांधली. नव्या नवरीपणी सुकटीच्या वासानं त्यांच्याही तोंडाला पाणी सुटायचं. एकदा चोरून खाल्ली, तर सासूनं राखेनं तोंड घासलं होतं. ते दुखणं बाई विसरल्या नव्हत्या, फक्त पुढच्यांना वाटून देत होत्या.

माशाच्या डोक्याला खड्डे पडू लागले. तृप्तीनं जालन्याला जाऊन मासा विकणाऱ्या दुकानदार आमेरला मोबाईलवर फोटो दाखवला.

"वहिनी, वाटाणा चालंल, पण नुसत्या दाळदाण्यावर हा न्हाई जगायचा," आमेर म्हणाला. "झिंगा, किडे, ह्या गोळ्या, सगळं बराबर मिसळून द्या. जल्दी करा, लई खंगलाय."

तिनं गोळ्यांचं पाकीट आणलं. पुष्पाबाईंनी ते हुंगलं.

"मासळीच हाय ही!"

"आत्याबाई, मरंल हो तो. दोन गोळ्या घालू द्या."

"एवढा पुळका? मंग आधी तू खा. सगळ्यांसमोर. बघू दे तरी."

तृप्तीनं कल्याणकडं पाहिलं. तो मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. असला नवरा असण्यापेक्षा नसलेला बरा. तिनं दोन गोळ्या तोंडात टाकल्या, चावल्या, गिळल्या आणि माशासाठी पाकिटात पुन्हा हात घातला.

पुष्पाबाईंनी पाकीट हिसकावलं.

"खाल्लीस ना? म्हंजे बाटलीस. बाटलेला हात ह्या टाकीला लागायचा न्हाई."

पाकीट मोरीत उलटं झालं, वरून तांब्याभर पाणी पडलं. बाई हात धुऊन जपाला बसल्या.

तृप्तीला जवळ आलेली बघून मासा वर आला होता. तोंड उघडून वाट बघत होता. त्याच्या वाट्याच्या दोन गोळ्या तिच्या पोटात होत्या.