बाबांच्या मनगटावरचं अंजीर

परफ्यूमवर लिहिणं हे माझं काम. कुरियरने बोटभर कुप्या येतात. अंगाला लावायच्या आणि वास कसा बदलत जातो ते तासातासाने टिपायचं. एकाच कातडीवर विसंबायचं नाही हा माझा नियम, म्हणून एक मनगट माझं आणि एक आईचं. तिचे शेरे मी बिनदिक्कत स्वतःचे म्हणून खपवायचे.

आई जाऊन दोन महिने झाले होते. मला अजून रडू आलं नव्हतं. प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर १०च्या घरात बाबा आणि मी दोन भाडेकरूंसारखे राहत होतो, ते व्हरांड्यात, मी आत. जेवलात का, गोळी घेतली का, एवढंच बोलणं.

अंजिराचं परफ्यूम आठवडाभर तसंच पडून होतं. शेवटी एका सकाळी मी ते स्वतःला लावायला घेतलं, तर बाबांनी शर्टाची बाही वर सारली.

"माह्या हातावर लाव. रिकामाच बसून राहिलो."

बाबांची सगळी नोकरी पोलादाच्या प्लांटमध्ये, कोळसा भाजणाऱ्या कोक ओव्हनवर गेली. तिथल्या गॅसने त्यांचं नाक केव्हाच कामातून गेलंय. दूध करपलं तरी त्यांना पत्ता नसतो. पण मला नाक नको होतं, कातडी हवी होती. मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

आधी नुसतं स्पिरिट. मग हिरवं पान मोडल्याचा कडवट वास, देठातला चीक. आम्हाला अंजीर माहीत ते पावर हाउसच्या बाजारातलं, सुकं, दोरीत ओवलेलं. त्याचा इथे मागमूस नव्हता. तासाभराने माझ्या हातावर ओला नारळ आला, बाबांच्या हातावर साय. छान होतं. छान आहे हे कळत होतं, इतकंच. आत काही हलत नव्हतं.

मध्येच बाबा सांगू लागले, की वास जाऊ नये म्हणून मनगटावर परफ्यूम असेल त्या दिवशी आई भांडी घासायची नाही, त्यांनाच घासायला लावायची. मी ऐकलं आणि वहीत लिहिलं, लाकूड, कोरडं.

चार तासांनी त्यांच्या मनगटावर काहीच उरलं नाही. वही मिटून मी उठले आणि म्हटलं, झालं बाबा, हात धुवून टाका.

त्यांनी मनगट नाकाशी नेलं.

"अजून येऊन राहिला ना वास. बस थोडी."

मी वाकून पुन्हा हुंगलं. साबण आणि घाम.

"हो, येतोय," मी म्हटलं, आणि बसले.