डोंगराचं तोंड

मालिनी क्षेमकल्याणीची नोकरी टेलिफोन खात्यात, चौकशीच्या टेबलावर. लोक नंबर विचारायला फोन करायचे आणि नंबर सांगून झाला की हीच त्यांना विचारत बसायची. हरसूलला पाऊस झाला का, विंचूरला कांदा भिजला का. तिचा आवाज नाशकात पुष्कळांच्या ओळखीचा होता. ती व्हीलचेअरवर बसते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक. लहानपणीच पोलिओने तिचे दोन्ही पाय गेले होते.

नववीत असताना बाईंनी शिकवलं होतं की नाशिकभोवतीचे डोंगर म्हणजे थिजलेला लाव्हा. "मग त्यांचं तोंड कुठंय?" मालिनीने विचारलं. इथे तोंड नव्हतं, जमिनीला भेगा पडल्या आणि रस वाहत राहिला, असं बाई म्हणाल्या. मालिनीला ते पटलं, पण समाधान काही झालं नाही. एकदा तरी असं तोंड डोळ्यांनी बघायचं, हे तिच्या मनात बसलं ते बसलंच.

२००१ साली पंचवटीतल्या त्यांच्या घरी मॉरिशसहून पाहुणे आले. मालिनीचा थोरला भाऊ गंगाधर रामकुंडावर पौरोहित्य करायचा आणि हे जयरामराव वडिलांच्या अस्थी घेऊन त्याच्याकडे आले होते. त्यांचे पणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यावर मजुरीला गेलेले. जयरामरावांचं मराठी शाळेत शिकलेलं, त्यामुळे बोलणं अगदी छापील.

"आमच्या घराजवळ एक निद्रिस्त ज्वालामुखी आहे," जेवताना ते सहज म्हणाले.

मालिनीचा घास हातातच राहिला. "तोंड आहे त्याला?"

"आहे तर! फार मोठे, गोल."

"आणि पायऱ्या?"

"पायऱ्या कशाला? मोटार थेट काठापर्यंत जाते. आपण अवश्य यावे."

पाहुणे गेले, पण मालिनीने विषय सोडला नाही. "समुद्र ओलांडून जायचं?" गंगाधर कुरकुरला. ती म्हणाली, "दादा, ज्यांच्या अस्थी तू विसर्जित केल्यास, त्यांचे आजोबा ओलांडूनच गेले होते ना?" रजा साठवून साठवून शेवटी २००३ मध्ये दोघं विमानात बसली.

जयरामरावांनी दुसऱ्याच दिवशी गाडी काढली. रस्ता खरंच काठापर्यंत होता. खुर्ची गुळगुळीत डांबरावरून गेली आणि कठड्यापाशी थांबली. कठडा मालिनीच्या डोळ्यांपर्यंत. त्यावरून दिसत होते ते फक्त झाडांचे शेंडे.

"मला खाली बसव," ती म्हणाली.

"अगं, लोक बघताहेत."

"बघू देत. मीही बघायलाच आलेय."

गंगाधरने तिला गवतावर बसवलं. कठडा जिथे संपत होता तिथवर ती हातांच्या जोरावर सरकत गेली आणि पालथी पडून हनुवटी मुठींवर टेकवली. समोर प्रचंड वाडगा होता. कडा सगळ्या हिरव्यागार आणि पार तळाशी पाण्याचं डबकं. धूर नाही, राख नाही. ती डोळे बारीक करून तळाकडे बघत राहिली.

"मालू, रडतेयस का?"

"छे! ते पाणी गरम असेल का रे?"

"मला काय माहीत?"

"मग जाऊन बघ ना."

पन्नाशीचा गंगाधर धोतर खोचून, पुटपुटत पायवाटेने उतरू लागला. बऱ्याच वेळाने खालून आवाज आला, "गार आहे! एकदम गार!"

"दगडाला भोकं आहेत? लाव्ह्याच्या दगडाला असतात!"

"आहेत!"

"बेडूक?"

"थांब, बघतो!"

तो लवकर वर येईना. आला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला, आणि ती काही विचारायच्या आत म्हणाला, "मालू, इथे एवढा वारा सुटलाय आणि खाली पानसुद्धा हलत नाही. असं कसं?"

दोघांनी जयरामरावांकडे पाहिलं. ते ओशाळले. "खरे सांगू? मी जन्मभर इथे राहतो, पण खाली कधी उतरलोच नाही."

परतताना गाडीत मालिनी हळूच म्हणाली, "मलाही उतरायचं होतं रे."

सकाळी ती उठली तेव्हा तो आणि जयरामराव अंगणात एका जाड चादरीला बांबू बांधत होते. शेजारचे दोघे मदतीला आलेले. गाडीने पुन्हा काठावर गेल्यावर, चौघांनी खांद्यावर घेतलेल्या त्या चादरीच्या झोळीत बसून मालिनी डोंगराच्या तोंडात उतरू लागली. वाट ओली होती. अर्ध्यावर गंगाधरचा पाय दोनदा घसरला, ते तिला बांबूतून कळलं.

"बास. इथंच टेकवा."

"तळ अजून लांब आहे," जयरामराव म्हणाले.

"असू दे. आणखी खाली नको."

त्यांनी तिला एका सपाट दगडावर बसवलं. वर झाडांचे शेंडे वाऱ्याने घुसळत होते, पण तिच्या कपाळावरची बट हलत नव्हती. तिने हात उंच केला. बोटांना वारा लागला. हात खाली घेतला, नाही लागला. पुन्हा वर केला.

"दादा, इथंच थांबतो बघ वारा. बरोबर इथं. हात वर कर."

गंगाधरने तिच्याशेजारी बसून हात वर केला. मग जयरामरावांनीही केला.