उजेडासाठी रस्त्याच्या मधोमध

मंडळी, आज संध्याकाळी सातच्या सुमारास अकोटला कापसाच्या जिनिंगच्या रस्त्यानं स्कूटीवर घरी येत होते. या रस्त्यावर महिन्याभरापूर्वी स्मार्ट दिवे लागलेत. कोणी आलं की उजेड वाढतो, एरवी मिणमिणतात.

समोर पाच-सहा बाया रस्त्याच्या अगदी मधोमध चालत होत्या. मागून कापसाचा ट्रक हॉर्न वाजवत होता. मी वैतागून ओरडलेच, "मधात काहून चालता? मरायचं आहे का?"

त्यांच्यात आमच्या गल्लीतल्या शकीलाआपा होत्या. शेतीत भागत नाही म्हणून यंदा जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचायला जातात. शांतपणे म्हणाल्या, "कडेनं चाललं तं दिवा वाढत नाही, बाई. त्याले मधातली गाडी दिसते, कडेनं आमी नाही दिसत. कडेले उघडी नाली हाये. मधात चाललं तं उजेड तरी भेटते."

ट्रक आणि बाया पुढे गेल्यावर मी स्कूटी बंद केली आणि कडेनं वीसेक पावलं चालून पाहिलं. दिवा मिणमिणतच राहिला.

या दिव्यांचं कौतुक महिन्याभरापूर्वी मी इथेच पोस्ट लिहून केलं होतं. स्कूटीवरून पाहून.

तुमच्या रस्त्यावर असे दिवे असतील, तर आज एकदा कडेनं पायी चालून बघाल का?