अण्णा आणि बिनवजनाचा माल

जगातला सगळा व्यापार खोक्यात भरूनच होतो, यावर आमच्या शेजारच्या अण्णांइतका गाढ विश्वास असलेला माणूस बंगळूरच्या अख्ख्या मल्लेश्वरममध्ये सापडायचा नाही. बिचाऱ्यांचा तरी काय दोष! उभी हयात कस्टम्समध्ये गेली. परदेशी निघालेलं खोकं उघडायचं, माल बघायचा, वजन करायचं, शिक्का मारायचा. निवृत्तीनंतरही भाजीची पिशवी हातात तोलल्याशिवाय घरात घेत नाहीत.

आणि नेमकी अशा माणसाची मुलगी, आमची अक्का, एक्स-रे बघणारी डॉक्टर. परदेशातल्या एका इस्पितळाचे एक्स-रे ती घरी बसून बघायची आणि रिपोर्ट पाठवायची. अण्णा खुर्चीमागे उभेच.

"पाठवलंस?"

"पाठवलं, अण्णा."

"मग इथं अजून कसं दिसतंय?"

अक्का कपाळाला हात लावायची. एकदा तर त्यांनी रोग्यांची नावं झाकून तिचे आठवड्याचे रिपोर्ट छापून घेतले, वाण्याच्या काट्यावर ठेवले आणि मला येऊन सांगितलं, "अडीचशे ग्रॅम भरले. आता कुठं स्वल्प पटतंय."

मग त्या देशानं नियम सैल केले. बाहेरच्या डॉक्टरांना तिथं जाऊन काम करायची मुभा मिळाली आणि अक्काला बोलावणं आलं. अण्णांचं जेवणातलं लक्षच उडालं. "काम जातंय ना इथून? मग माणूस कशाला हवं?" मी इलेक्ट्रॉनिक सिटीत परदेशी गिऱ्हाइकांची कामं करतो, म्हणून समजावायला अक्कानं मलाच धरलं. मीही शहाण्यासारखा सांगत सुटलो, "अण्णा, सेवेचा व्यापार चार तऱ्हांनी होतो. सेवा जाते, गिऱ्हाईक येतं, कंपनी जाते, नाहीतर माणूसच जातं."

"यातली माणूस परत येण्याची तऱ्हा कुठली?"

मी चारही तऱ्हा पुन्हा बोटांवर मोजल्या. माझाच सगळा गोंधळ उडाला.

अक्का गेली. परवा अण्णांना खोकला झाला. इथंच एक्स-रे काढला, तिला पाठवला आणि तासाभरात तिचा रिपोर्ट आला, छाती साफ आहे. मोबाइल घेऊन अण्णा माझ्याकडे आले. डोळे भरलेले.

"अरे, तिनं माझी छाती आतून बघितली. म्हणजे ती इथं येऊन गेली, की मी तिथं जाऊन आलो?"

"दोन्ही, अण्णा," मी म्हणालो.

"सरी, सरी," असं कानडीत मान्य करत ते फाटकापर्यंत गेले आणि तिथूनच वळले.

"पण मग मला ती दिसली कशी नाही रे?"